घरात जागा आहे का?

आजचं वाचन : लूक २:१-२०
मननासाठी : लूक २:७ आणि २:१९



आज २३ डिसेंबर. तुमच्यापैकी काही जण हे बसमध्ये किंवा ट्रेनमध्ये बसून वाचत असाल. काही जणांनी "यंदा सुट्टी मिळाली नाही" असं घरी कळवून टाकलं असेल. दोघांसाठीही आजचं वाचन एकच आहे आणि ते तुम्हाला जवळजवळ पाठ आहे. संडेस्कूलच्या नाटकात कोणी योसेफ झालं असेल, कोणी देवदूत. मी सलग तीन वर्षं मेंढरू होतो, कारण मला वाक्यं लक्षात राहायची नाहीत.

पाठ असलेल्या उताऱ्याचा एक धोका असतो. आपण तो वाचत नाही, नुसता ओळखतो. म्हणून आज मी तुम्हाला त्यातला एकच शब्द हातात धरायला सांगणार आहे. तो शब्द म्हणजे "जागा". पण आधी मला तुम्हाला आमच्या नगरच्या घरी न्यावं लागेल.

दोन खोल्या, चौदा माणसं

आमचं घर नगरला, आता ज्याला अहिल्यानगर म्हणतात तिथे, एका चाळीत होतं. १८३१ साली अमेरिकन मिशनरी या गावात आले. तेव्हापासून मराठी ख्रिस्ती मंडळीच्या कितीतरी पिढ्या इथे वाढल्या. आमचं कुटुंब त्यातलंच एक. दोन खोल्या, पुढे ओटा, मागे मोरी. एरवी आम्ही पाच जण राहायचो : आजी, पप्पा, मम्मी, ताई आणि मी. नाताळात मात्र मुंबईची आत्या तिच्या चौघांना घेऊन यायची, राहुरीकडची मावशी यायची, कोणी ना कोणी चुलत-मावस सोबत असायचंच. चौदा माणसं तर नक्की व्हायची.

नाताळ सुरू व्हायचा तो नानकटाईच्या वासाने. घरी मळलेलं पीठ डब्यात भरून बेकरीत न्यायचं, तिथल्या काळ्या पत्र्यांवर गोळे थापायचे आणि आपला नंबर येईपर्यंत भट्टीच्या उबेला बसून राहायचं. नगरची डिसेंबरची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना ती ऊब म्हणजे काय ते कळेल. भाजलेली नानकटाई घरी पोचेपर्यंत डब्यात दहा-बारा कमी झालेल्या असायच्या. मम्मी मोजायची नाही. आजी मोजायची, पण बोलायची नाही.

मग करंज्या, शंकरपाळ्या, चकल्या, बुंदीचे लाडू. दिवाळीत शेजारच्या घरांतून फराळाची ताटं आमच्याकडे यायची. नाताळात तीच ताटं आमच्याकडून भरून जायची, वर क्रोशाचा रुमाल. रिकामं ताट परत करायचं नाही, हा आमच्या चाळीचा कायदा होता. तो कुठल्या धर्माचा कायदा आहे हे कोणी विचारत नसे.

पप्पा बांबूच्या कामट्यांचा तारा करायचे. त्याला पतंगाचा लाल-पिवळा कागद, आत चाळीस वॅटचा बल्ब. दरवर्षी त्याचा एक कोपरा वाकडाच व्हायचा. रात्री तरुण संघाची कॅरल पार्टी घरोघरी फिरायची. ढोलकी, टाळ, खंजिरी आणि आमच्या घरची पेटी. ती पेटी आजोबांची. वाजवायचे माझे काका, पप्पांचे धाकटे भाऊ. काकांना नोटेशन येत नव्हतं. कोणी नुसतं गुणगुणलं की त्यांची बोटं पेटीवर आपोआप ते शोधून काढायची.

रात्री झोपायची वेळ आली की आजी दारात उभी राहून घराकडे बघायची, जणू पहिल्यांदाच बघतेय. मग सांगत सुटायची : तू कपाटापाशी, तू पलंगाखाली, पोरं आडवी, मोठी माणसं उभी. सतरंजीवर गोधड्या, गोधड्यांवर आम्ही. दुसऱ्याचा पाय नाकाशी घेऊन झोपण्यात जी मजा होती ती मला आजवर कुठल्याच हॉटेलच्या खोलीत मिळालेली नाही.

तुमच्याही आठवणी अशाच असतील. गाव वेगळं, पदार्थ वेगळा, आजी तीच. या आठवणी गोड आहेत आणि त्या गोड असण्यात काही चूक नाही. देवाने दिलेल्या सुखाची आठवण ठेवणं हीसुद्धा उपकारस्तुतीच आहे. पण माझ्याकडे आणखी एक आठवण आहे, जी बरीच वर्षं मी या आठवणींत धरत नव्हतो.

आपल्याच गावी

तिच्याकडे जाण्याआधी वचनाकडे येऊ.

लूक सांगतो की औगुस्त कैसराने नावनिशी करण्याचा हुकूम काढला आणि प्रत्येक जण आपापल्या गावी निघाला. योसेफ दाविदाच्या घराण्यातला, म्हणून तो नासरेथहून बेथलेहेमला गेला. हे अंतर, रस्ता कोणता धरता त्यावर, साधारण सव्वाशे-दीडशे किलोमीटर. पुणे ते नगर एकशेवीसच्या आसपास आहे. म्हणजे आपण सुट्टीत घरी जातो तितकाच प्रवास. फक्त एसटी नाही आणि बायको गरोदर.

आपण नाटकात योसेफाला नेहमी परक्या गावात भटकताना दाखवतो. हा दरवाजा वाजव, तो दरवाजा वाजव. पण नीट वाचा. तो परक्या गावात नव्हता. तो आपल्या घराण्याच्या गावी आला होता. पहिला नाताळ हा घरी परतण्याचाच प्रवास होता. आणि घरी परतलेल्या माणसाला त्याच्याच गावात जागा मिळाली नाही.

आपल्या मराठी बायबलमध्ये आपण "उतारशाळा" हा शब्द वाचत मोठे झालो. लूकने तिथे मूळ ग्रीकमध्ये "कटालुमा" हा शब्द वापरला आहे. हाच शब्द तो पुढे बाविसाव्या अध्यायात वापरतो. प्रभू शिष्यांबरोबर वल्हांडणाचं भोजन करायला जी खोली मागतो, तिच्यासाठी. आणि चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यात, जखमी माणसाला पैसे देऊन ठेवण्याच्या जागेसाठी, लूक वेगळाच शब्द वापरतो : "पांडोखेऑन". म्हणून कितीतरी अभ्यासक म्हणतात की बेथलेहेमातली ती जागा म्हणजे लॉज नसावी. घरातली पाहुण्यांची खोली असावी. ती भरलेली होती. म्हणून बाळाला खाली, जिथे रात्री जनावरं बांधत, तिथल्या गव्हाणीत ठेवलं. त्या काळी तिथल्या साध्या घरांत माणसं आणि जनावरं एकाच छपराखाली राहत.

माझ्या आजीला हे कोणी ग्रीक शिकवून सांगायची गरज नव्हती. ती खेड्यातली. तिच्या माहेरी गाय घरातच बांधायचे, पुढच्या सोप्यात. ती म्हणायची, "गव्हाण म्हणजे काय घाण जागा नव्हं. घरातली सगळ्यात उबदार जागा असती ती." मला वाटतं, मी ऐकलेल्या सगळ्या नाताळच्या उपदेशांत हे वाक्य सगळ्यात जास्त टिकलं.

पण म्हणून प्रश्न सोपा होत नाही, उलट कठीण होतो. ती खोली परक्याची असती तर "धंदा आहे, भरलं होतं" म्हणून सोडून देता आलं असतं. ती नातलगांच्या घरातली असेल, तर तिथे आधीच झोपलेल्यांपैकी कोणीही उठून त्या बाईला आपली जागा दिली नाही, एवढंच उरतं. योहान पहिल्याच अध्यायात हेच सांगतो : तो स्वकीयांकडे आला आणि स्वकीयांनी त्याला स्वीकारलं नाही. परक्यांनी नाही. स्वकीयांनी.

१९९८ ची रात्र

तेव्हा मी दहा वर्षांचा होतो.

काका पीत असत. आम्हा पोरांना ते "काकांची तब्येत बरी नाही" असं सांगितलं जायचं, पण चाळीत काही लपत नाही. १९९७ साली त्यांनी आजोबांची पेटी विकली. पप्पांनी दोन-तीन दुकानं पालथी घातली, मिळाली नाही. त्या दिवसापासून पप्पांनी काकांना घराची पायरी चढू दिली नव्हती.

२४ डिसेंबर १९९८. कॅरल पार्टी येऊन गेली, नुसत्या ढोलकी-खंजिरीवर. जेवणं झाली. आमच्या घरी त्या रात्री कौटुंबिक उपासना असायची. आजी चष्मा लावून हाच उतारा वाचायची, लूकचा दुसरा अध्याय. वाचून झालं, प्रार्थना झाली, गोधड्या अंथरल्या गेल्या. अकरा-साडेअकराला कडी वाजली.

दारात काका. अंगात स्वेटर नाही. वास आला आणि आत्याने पोरांना भिंतीकडे तोंड करायला लावलं. मी केलं नाही.

काका काहीच बोलले नाहीत. पप्पाच बोलले. दाराकडे न बघता, आजीकडे बघून म्हणाले, "आई, घरात जागा नाही."

आणि ते खरंच होतं. चौदा माणसं होती. पाय ठेवायला जागा नव्हती.

आजी वाद घालत बसली नाही. तिने पप्पांना वचन ऐकवलं नाही, "आत्ताच वाचलं ना रे" असं टोचलं नाही. नुसती उठली. स्वयंपाकघरात चुलीच्या बाजूला तिची गोधडी होती, ती झटकली, आणि म्हणाली, "माझी हाय ना. मला नाहीतरी रात्री झोप कुठं येती."

काका तिच्या जागेवर झोपले. ती रात्रभर डब्यांना टेकून बसून होती. मी मध्ये दोनदा उठून पाहिलं. आपल्या मराठीत "जागा" या एका शब्दाचे दोन अर्थ होतात. त्या रात्री आजीने जागा दिली आणि ती स्वतः जागी राहिली. मेंढपाळसुद्धा त्या रात्री जागेच होते, म्हणून तर त्यांना बातमी कळली.

एक गोष्ट मात्र सांगायलाच हवी. कपाटाची किल्ली आजीने कनवटीलाच ठेवली होती. जागा देणं म्हणजे डोळे मिटून घेणं नव्हे, हे तिला बरोबर माहीत होतं.

सकाळी काकांनी अंघोळ केली, पप्पांचा जुना शर्ट घातला आणि उपासनेला आले. शेवटच्या बाकावर बसले. पहिलं गीत सुरू झालं तेव्हा मी मागे वळून पाहिलं. त्यांच्या ओठांची हालचाल होत नव्हती. पण पुढच्या बाकाच्या पाठीवर त्यांची बोटं चालत होती, पेटीवर चालावीत तशी.

आता तुम्हाला वाटेल की त्या दिवशी काकांची दारू सुटली. नाही सुटली. जानेवारीत ते परत प्यायला लागले. सुटायला आणखी बरीच वर्षं गेली आणि ते बघायला आजी नव्हती. ती २००९ मध्ये प्रभूकडे गेली. मी हे मुद्दाम सांगतोय, कारण साक्ष सांगताना आपल्याला शेवट लगेच गोड करायची सवय असते. आजीने त्या रात्री निकाल बघून जागा दिली नव्हती.

मरीयेने काय जपून ठेवलं

आता १९ वं वचन. मेंढपाळ येऊन गेले, सगळे आश्चर्य करत राहिले, आणि मरीयेने मात्र या सर्व गोष्टी मनात साठवून ठेवल्या आणि त्यांवर ती विचार करत राहिली, असं लूक सांगतो.

"या सर्व गोष्टी." यात देवदूतांचं गाणं आहे तशी ती भरलेली खोलीही आहे. मरीयेने फक्त चांगले फोटो निवडून अल्बम केला नाही. पुढे मंदिरात शिमोन तिला सांगतो की तुझ्या जिवात तलवार भोसकली जाईल. तेही तिने ठेवलं. येशू बारा वर्षांचा असताना यरुशलेमेत मागे राहिला, तीन दिवसांनी सापडला, आणि जे बोलला ते आईबापांना समजलं नाही. तिथेही लूक परत तेच म्हणतो (२:५१) : तिने सगळं मनात ठेवलं. जे समजलं नाही तेही ठेवलं.

मराठी मंडळीला हे नवीन नाही. लक्ष्मीबाई टिळकांचं "स्मृतिचित्रे" आपल्यापैकी अनेकांच्या घरी आहे. रेव्हरंड टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतला आणि संसार दुभंगला. काही वर्षं नवरा-बायको वेगळे राहिले. पुढे लक्ष्मीबाई त्यांच्याकडे परतल्या, आणि १९०० साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. त्या बाईंनी आठवणी लिहिताना काही धुऊन-पुसून स्वच्छ केलं नाही. राग लिहिला, रडणं लिहिलं, स्वतःचा भाबडेपणा हसत-हसत लिहिला. आठवण पूर्ण ठेवली की तिच्यात देवाचं काम दिसायला लागतं. निम्मी ठेवली की फक्त आपलं कौतुक दिसतं.

माझ्या कामाच्या भाषेत सांगतो. आमच्याकडे एक नियम आहे : जो बॅकअप तुम्ही कधी रिस्टोर करून पाहिला नाही, तो बॅकअप नाहीच. रोज रात्री फाइली साठत राहतात, हिरवा टिक दिसत राहतो आणि आपण निवांत असतो. मग एके दिवशी सर्व्हर जातो, आपण बॅकअप उघडतो, आणि तेव्हा कळतं की आत काहीच नव्हतं. आठवणींचंही असंच आहे. नाताळच्या आठवणी मी वर्षानुवर्षं साठवल्या. दर डिसेंबरला नानकटाईबद्दल बोललो. पण आजीचा तो एक गुण माझ्या आयुष्यात रिस्टोर होतो की नाही, हे मी कधी तपासलं नाही.

मग एकदा तपासलं गेलं.

माझं वाक्य

आजी गेल्यावर चाळीतल्या खोल्या सोडल्या. पप्पा-मम्मी आमच्याकडे पुण्याला राहायला आले. टू बीएचके फ्लॅट. काका श्रीरामपूरला एका खोलीत एकटे राहतात. दारू कधीच सुटली आहे. पप्पांचं आणि त्यांचं बोलणं मात्र लग्ना-मयतीपुरतंच.

२०२२ मध्ये काकांचा मला फोन आला. डोळ्याचं ऑपरेशन पुण्यात करायचं होतं. आठ-दहा दिवस राहण्याची सोय होईल का, असं विचारत होते. अगदी संकोचून. आमच्या घरी तेव्हा लहान बाळ होतं. मी घरूनच काम करत होतो, दुसऱ्या खोलीत माझं टेबल, दोन मॉनिटर, रात्री-अपरात्री अमेरिकेचे कॉल. पप्पा-मम्मी हॉलमध्ये झोपायचे. आणि पप्पांना काय वाटेल, हाही प्रश्न होताच. सगळी कारणं खरी होती.

मी म्हणालो, "काका, घरात जागाच नाही हो."

ते म्हणाले, "बरं बाळा. काही हरकत नाही. बाळ बरं आहे ना?"

ऑपरेशन झाल्यावर ते एका लॉजवर राहिले. मंडळीतले एक गृहस्थ संध्याकाळी येऊन डोळ्यात औषध घालून जायचे. मी दोनदा फळं घेऊन गेलो. खोली भाड्याची होती, खिडकीला पडदा नव्हता. बेथलेहेमात निदान उतारशाळा भरलेली होती. इथे उतारशाळेत जागा मिळाली, घरात मिळाली नाही.

आणि खरं सांगतो, तेव्हा मला काहीच जाणवलं नाही. मी परत आलो, लॅपटॉप उघडला. त्या नाताळात मी याच उताऱ्यावर छान मननही लिहिलं.

जाणवलं ते गेल्या आठवड्यात. मुलगी आता बोलकी झाली आहे. तिला चित्रांच्या बायबलमधून ही गोष्ट वाचून दाखवत होतो. "त्यांना जागा नव्हती" या पानावर ती थांबली. म्हणाली, "आपल्याकडे आहे ना जागा?" मी विचारलं, "कुठे?" ती म्हणाली, "पप्पांच्या टेबलाखाली."

खरंच आहे. ती तिथे चादर टाकून रोज घर-घर खेळते. मी तिथे पाय ठेवतो.

तेव्हा मला माझं वाक्य ऐकू आलं. ते मला परिचित वाटलं, कारण ते पप्पांचं होतं. शब्द न् शब्द तेच. वारसा म्हणून मी आजीची नानकटाई जपली होती आणि वाक्य मात्र त्या रात्री दारात जे बोललं गेलं ते उचललं होतं. पप्पांना मी दोष देत नाही. त्यांच्या वडिलांची पेटी गेली होती. माझं तर काहीच गेलं नव्हतं.

ज्याला जागा नव्हती तो

मित्रांनो, शुभवर्तमान इथे आपल्याला अपराधी वाटायला लावून सोडून देत नाही. ज्याला जन्मताना जागा मिळाली नाही, तो पुढे आयुष्यभर काय करत गेला बघा. जक्कय झाडावर होता, त्याला प्रभू म्हणाला की आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. वधस्तंभावर, श्वास घेणंही कठीण असताना, त्याने आपल्या आईला शिष्याच्या हाती सोपवलं, आणि योहान १९:२७ सांगतं की त्या वेळेपासून शिष्याने तिला आपल्या घरी नेलं. ज्या आईला बाळंतपणासाठी खोली मिळाली नव्हती, तिच्यासाठी तिच्या मुलाने मरता-मरता घर बघितलं. आणि आदल्याच रात्री त्याने शिष्यांना सांगितलं होतं की माझ्या पित्याच्या घरात राहण्याच्या जागा पुष्कळ आहेत आणि मी तुमच्यासाठी जागा तयार करायला जातो (योहान १४:२).

म्हणजे आपण स्वतःच त्या घरात पाहुणे आहोत. कोणीतरी आपली गोधडी झटकून आपल्याला दिली, म्हणून आपण आत आहोत. हे ज्याला कळलं त्याला दाराशी उभ्या माणसाकडे "हा योग्य आहे का" असं बघता येत नाही. किल्ली कनवटीला ठेवावी लागेल, ठेवा. तुम्हाला मारहाण करणाऱ्या, छळणाऱ्या माणसाला घरात घ्या असं मी अजिबात म्हणत नाही, वचनही म्हणत नाही. पण "जागा नाही" हे वाक्य तोंडात येईल तेव्हा एकदा थांबून बघा. खरोखर चौरस फुटांचा प्रश्न आहे, की टेबल हलवायचा कंटाळा?

काल संध्याकाळी मी काकांना फोन केला. आधी तीन वर्षांपूर्वीच्या त्या फोनबद्दल माफी मागितली. ते म्हणाले, "कधीचं काय काढतोयस." मग म्हटलं, "काका, नाताळला तुम्ही आमच्याकडे या." पलीकडे बराच वेळ शांतता. मग त्यांनी विचारलं, "तुझ्या पप्पांना विचारलंस का?"

विचारलं नव्हतं. फोन ठेवल्यावर विचारलं. पप्पा टीव्हीकडे बघत राहिले. बातम्या संपल्या, जाहिराती लागल्या, तरी बघत राहिले. मग मम्मीला म्हणाले, "मटणात नळ्या जरा जास्त आणायला सांग. त्याला लागतात."

मी परत फोन करून कळवलं. काका म्हणाले, "बसचं बघतो." येतील की नाही मला माहीत नाही. आज सकाळी मी दुसऱ्या खोलीतलं टेबल हॉलमध्ये आणलं आणि तिथे गादी घातली. मॉनिटर आता फ्रिजशेजारी आहेत. मुलगी नाराज आहे, तिचं घर मोडलं म्हणून.

आज करण्यासारखं

तुम्ही घरी जात असाल तर दारातून आत शिरताना एकदा मोजा : या घरात कोण नाही? कोणाचं नाव घेतलं की जेवताना सगळे गप्प होतात? त्या व्यक्तीला आज एक फोन करा. भांडण मिटवायला नको, नुसतं "नाताळच्या शुभेच्छा" म्हणायला.

तुम्हाला घरी जाता येत नसेल, परगावी, परदेशी एकटे असाल, तर तुमच्यासारखाच एकटा कोणीतरी तुमच्या इमारतीत किंवा ऑफिसात नक्की आहे. त्याला जेवायला बोलवा. मॅगी असली तरी चालेल. मत्तय सांगतो की मागी लोक आले तेव्हा त्यांना बाळ एका घरात सापडलं. म्हणजे बेथलेहेमात शेवटी कोणीतरी दार उघडलंच होतं. त्या माणसाचं नाव कुठेही लिहिलेलं नाही.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू आपल्या लोकांत आलास आणि तुला जागा मिळाली नाही, तरी तू आमच्यासाठी पित्याच्या घरी जागा तयार केलीस. आमच्या घरांतल्या गोड आठवणींसाठी, त्या घडवणाऱ्या आई-आजींसाठी आम्ही तुझे आभार मानतो. ज्या आठवणी टोचतात त्याही आम्हाला जपून ठेवायला शिकव आणि त्यांतून तू काय सांगतोस ते ऐकू दे. ज्यांना आम्ही दारातून परत पाठवलं त्यांची आम्हाला आठवण दे, आणि उशीर होण्याआधी धीर दे. आजच्या रात्री जे लॉजवर, हॉस्पिटलात, रस्त्यावर, भाड्याच्या खोलीत एकटे आहेत, त्यांच्याजवळ तू राहा. आणि आमचं दार वाजेल तेव्हा आम्ही जागे असू दे. आमेन.

सर्वांना नाताळच्या मनापासून शुभेच्छा.